सातवं गाणं

आम्हा कसिनोत पत्ते वाटणाऱ्यांना एक खोड जन्माची लागते. टेबल सोडून उठायचं झालं की एक टाळी वाजवायची, मग दोन्ही तळवे वर करून दाखवायचे, मग उलटे करून दाखवायचे, बोटं पसरलेली. ह्या माणसानं मुठीत किंवा बाहीत काही लपवलेलं नाही हे छतातल्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. सत्तावीस वर्षं दिवसातून दहा-बारा वेळा हे केल्यावर हात मालकाचं ऐकत नाहीत. मी घरी जेवून उठताना टाळी वाजवतो, चर्चच्या बाकावरून उठताना वाजवतो. सासऱ्यांच्या शवपेटीपाशी क्षणभर उभा राहिलो आणि निघताना टाळी वाजवून तळवे दाखवले, तेव्हा मार्लिस, म्हणजे माझी बायको, आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

ऑलेटा प्रुइटला मात्र ह्या खोडीची भारी गंमत वाटायची. ऑलेटा ही वर्लीनची आई, आणि वर्लीन लास व्हेगसमधल्या आमच्या कसिनोत माझ्या शेजारच्या टेबलावर पत्ते वाटते. आमची सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे न्याहारीला जायचो, कारण ऑलेटा ताजी बिस्किटं भाजायची, हाताएवढी, पावासारखी मऊ, आणि वर मिरं घातलेली पांढरी ग्रेव्ही. खाऊन उठलो की माझी टाळी व्हायचीच. लगेच म्हातारी माझे दोन्ही हात धरायची.

“बघू, बघू! बिस्किट चोरून नाही ना चाललास, लांबड्या?”

ज्योतिषी बघतो तसे तळवे उलटेपालटे करून बघायची आणि म्हणायची, “रिकामे आहेत. जा.”

वयाची पंचाहत्तरी आली तरी सगळे तिला मिस ऑलेटाच म्हणत, तिच्या गावाकडची तशी रीतच आहे. गाव आर्कान्सामधलं. तिथल्या कोंबड्यांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं पंख कापले. करवती, पट्टे, पाण्याचे फवारे, सगळं एकाच वेळी चालू. तिथे बायका एकमेकींशी ओठांनीच बोलायच्या म्हणे, कारण आवाज ऐकू जायचाच नाही. नवरा हॉइट गेला तेव्हा वर्लीन जाऊन तिला इकडे घेऊन आली. लेकीचं घर वसाहतीतल्या शेवटच्या ओळीत, पुढे सगळं वाळवंट. शहरात पाऊल टाकल्यापासून म्हातारीनं जुगाराच्या एकाही मशिनमध्ये नाणं टाकलं नाही. “एकतीस वर्षं कोंबड्या सोलल्या मी,” ती म्हणायची. “कोण कोणाला सोलतंय ते मला लांबून कळतं.”

तिला इथलं एकच आकर्षण होतं. बॉइड हॅस्केल.

बॉइड आता सत्तरीचा आहे, पण एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली त्याला कुत्रं विचारत नव्हतं. तेव्हा तो ऑलेटाच्या गावच्या जत्रेत गायला होता, ट्रॅक्टरमागच्या उघड्या गाडीवर उभा राहून. ऑलेटा सहा वर्षांच्या वर्लीनला घेऊन पुढे उभी. सहा गाणी झाली. बॉइड म्हणाला, आता एक नवीन म्हणतो, कालच जमलंय. आणि त्याच क्षणी वर्लीननं खाल्लेले सगळे साखरेचे म्हातारीचे केस आईच्या झग्यावर ओकून टाकले. आईला पाण्याच्या नळाकडे धावावं लागलं. परत येईपर्यंत बॉइडची गाडी हलली होती. ते नवीन गाणं म्हणजे ‘किल्ली पायपुसण्याखाली आहे’. पुढे त्याच गाण्यानं बॉइडला मोठं केलं. घर सोडून गेलेल्या नवऱ्यासाठी एक बाई रोज रात्री पायपुसण्याखाली किल्ली ठेवते, एवढंच गाणं. कारखान्यात जायला एकोणीस मिनिटं, यायला एकोणीस. गाडीच्या रेडिओवर ऑलेटानं ते हजार वेळा ऐकलं असेल. पण प्रत्यक्ष नाही.

“तू ओकलीस म्हणून माझं गाणं राहिलं,” हे वर्लीन चव्वेचाळीस वर्षं ऐकत होती. नापास झाली तेव्हा ऐकलं, लग्न मोडलं तेव्हाही ऐकलं.

आणि तीन वर्षांपूर्वी तो बॉइड आमच्याच कसिनोच्या नाट्यगृहात मुक्कामाला आला. बुधवार ते शनिवार, संध्याकाळी आठ, तीच बारा गाणी, तोच क्रम. लोक गाड्या-विमानं करून येत. गायक जागचा हलत नसे. ऑलेटानं पहिल्या मंगळवारी मला बिस्किटांवर दुप्पट ग्रेव्ही वाढली, इतकी खूष होती.

आता माझं पाप सांगतो.

त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर कसिनोनं जुन्या माणसांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. बक्षीस बॉइडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं, तिसऱ्या रांगेतली. चिठ्ठी वर्लीनची निघाली. मी तिच्याआधी टाळ्या वाजवल्या, हे खरं आहे. पण त्याच आठवड्यात मार्लिसचा पन्नासावा वाढदिवस होता, मी तो साफ विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात जे काही झालं ते सांगण्यासारखं नाही. मी विश्रांतीच्या खोलीत वर्लीनच्या हातापाया पडलो.

“सणाच्या दिवशीचं तुझं काम मी करतो. तू घरी आईबरोबर टर्की खा. मला तिकिटं दे.”

“लाईल, ममाला न्यायचंय मला.”

“मग ने की! पुढच्या आठवड्यात ने. अगं, तो कुठे पळतोय? मुक्कामाला आलाय तो.”

हे वाक्य माझं. शब्दन् शब्द माझं. वर्लीननं तिकिटांचं पाकीट माझ्यासमोर सरकवलं. “ममाला कळू देऊ नकोस मात्र.”

त्या रात्रीची पाळी बदलून घेऊन मी मार्लिसबरोबर तिसऱ्या रांगेत बसलो. सहा गाणी ऐकली. मग मार्लिस म्हणाली, साडेनवाला वरची खाणावळ बंद होते, खेकडे संपतात. आम्ही उठलो. मी टाळी वाजवून तळवे दाखवले, आणि बाहेर पडलो. हो, सातवं गाणं सुरू व्हायच्या आधी. खेकडे बरे होते.

त्यानंतर ‘पुढचा आठवडा’ काही आला नाही. आमची पाळी दुपारी चार ते रात्री बारा, आणि सुट्टीच्या दिवशी बॉइडचीही सुट्टी. एकदा वर्लीननं रजा मागितली तर साहेबानं नाही म्हटलं. एकदा मिळाली तर गाडी बंद पडली. पण खरं कारण हे नव्हे. ह्या शहरात राहणारा माणूस इथले कार्यक्रम बघतच नाही. मिठाईच्या दुकानातल्या पोराला मिठाई दिसेनाशी होते, तसं. अतिपरिचय झाला की अवज्ञा होते, दुसरं काय. त्यात आमची टेबलं नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीला लागून. ढोल भिंतीतून यायचा. आम्ही घड्याळ बघायचोच नाही. चौथ्या गाण्याला माझी विश्रांतीची सुट्टी, सहाव्याला वर्लीनची, आणि सगळा ढोल थांबला की सातवं. सातव्याला बॉइड नुसत्या गिटारवर गातो. बाराव्याला ढोल असा वाजतो की टेबलावरच्या पैशाच्या चकत्यांचे गठ्ठे हलतात.

वर्लीन रोज सकाळी न्याहारीच्या वेळी आईला नाट्यगृहातल्या पोरींकडून ऐकलेला कालचा कार्यक्रम सांगायची. ऑलेटानं गाण्यांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवली होती. पुढे बॉइडचे विनोदही लिहिले. तिसऱ्यानंतर तो गुडघ्याचा विनोद करतो. पाचव्यानंतर पाणी पितो आणि म्हणतो, हे पाणीच आहे बरं का. सातव्याला टोपी काढून छातीशी धरतो. आठवं उडत्या चालीचं, त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. हे सगळं ‘आत्ता सुचलं’ असं दाखवून रोज. म्हातारी बिस्किटं लाटता लाटता ते तालीम केल्यासारखं म्हणायची.

ह्या तीन वर्षांत तिच्यात काही बदललं का? बदललं, पण आम्ही गाढव. टीव्हीवर खाली अक्षरं आली. फोन घेईनाशी झाली. म्हणे जाहिरातवाले छळतात. एकदा मी विचारलं, “मिस ऑलेटा, कॉफी ओतू?” तर म्हणाली, “हो ना, वारा फार सुटलाय.” आम्ही दोघं हसलो. वयच झालं तिचं, म्हटलं. शिवाय ती एकटीच इतकी बोलायची की दुसऱ्याचं ऐकायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची.

ह्या वर्षी मार्चमध्ये विश्रांतीच्या खोलीत कागद लागला. बॉइड हॅस्केल यांचा मुक्काम मे महिन्यात संपणार. वर्लीननं तो उभ्याउभ्या दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावर परत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी त्याच दिवशी जाऊन तीन तिकिटं काढली आणि आम्हा दोघांची रजा मंजूर करून घेतली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं. तिसरं तिकीट माझं. म्हातारीला पायऱ्या उतरताना दुसऱ्या बाजूनं धरायला कोणी हवं, असं मी वर्लीनला सांगितलं. खरं म्हणजे मला समोर बसून माझं देणं फिटलेलं बघायचं होतं.

ऑलेटा नटून आली. हॉइटचा चमकत्या बटणांचा शर्ट, डोक्यावर त्याचीच टोपी, कानात निळे खडे, पायात लाल बूट. दारातल्या मुलीनं तिकीट बघून म्हटलं, “मजा करा हं, आजी.” म्हातारी म्हणाली, “पाचवी रांग, डावीकडे.” मी तेव्हाही हसलो.

दिवे गेले. बॉइड आला. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. ऑलेटाचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. गुडघ्याचा विनोद झाला, ती लोकांच्या आधी हसली. पाणी पिऊन झालं, ती आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, “हे पाणीच आहे बरं का!” वर्लीन अशी हसत होती की मला ती ओळखूच येईना. माझ्या छातीवरचा धोंडा हलला. झालं, म्हटलं मनात, फिटलं. खेकडे माफ झाले.

सहावं गाणं संपलं, ढोल थांबला. ऑलेटानं टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात बॉइड गिटार घेऊन पुढे आला आणि म्हणाला, “मंडळी, आज आमच्या वादकाच्या बायकोचा वाढदिवस आहे. तिला एक जुनं फाजील गाणं आवडतं. आज आधी ते.” आणि त्यानं एका बोकडाचं गाणं सुरू केलं. बोकड पाद्र्याची विजार खातो, मग पाद्रीणबाईंची टोपी खातो, असं ते वाढतच जातं. सगळं नाट्यगृह पोट धरून हसत होतं.

आणि आमच्या दोघांच्या मध्ये ऑलेटा डोळे मिटून संथ डुलत होती. गालांवरून पाणी ओघळत होतं. ओठ म्हणत होते, ‘किल्ली पायपुसण्याखाली आहे.’

वर्लीननं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. टीव्हीवरची अक्षरं, फोन, वारा, सगळं एका झटक्यात आम्हा दोघांच्या लक्षात आलं. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. एकही शब्द नाही. संध्याकाळभर ती फ्रिजवरची यादी ऐकत होती.

बोकडाचं गाणं संपलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, खुर्च्या थरथरल्या, तशी ऑलेटानं डोळे उघडले, नाक पुसलं, टोपी घातली. तिच्या हिशेबानं आता आठवं, टाळ्यांचं. ती तालावर टाळ्या वाजवायला लागली, खांदे उडवत, आनंदात. बाकीचे थांबले. बॉइडनं तारांवरून हलकेच बोटं फिरवली आणि खरं सातवं सुरू केलं. त्या शांततेत एकट्या म्हातारीच्या टाळ्या. पुढच्या रांगेतली बाई वळून फिसकारली, “अहो, गप्प बसा की!” मी ऑलेटाचा हात धरणार होतो. धरला नाही. माझ्या हातानं तो धरवेना.

मग बॉइडनं क्षणभर गिटार सोडून टोपी काढली, छातीशी धरली. ऑलेटाला ते दिसलं. टाळ्या हवेतच थांबल्या. तिनं बॉइडकडे बघितलं, पुढच्या बाईकडे बघितलं, मग लेकीच्या तोंडाकडे. चोरी पकडली गेली हे तिला कळलं. आणि म्हातारीनं काय करावं? एक टाळी वाजवली, आणि वर्लीनपुढे दोन्ही तळवे वर केले, मग उलटे केले. आता काही लपवलेलं नाही.

वर्लीन खुर्चीवरून उठली, बॉइडकडे पाठ करून आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. मग गाण्याबरोबर एकेक शब्द ओठांनी म्हणायला लागली, आवाज न करता, कारखान्यातल्या बायका म्हणायच्या तसं. ऑलेटा तिच्या ओठांकडे बघत राहिली. मायलेकींतलं कोणीच बॉइडकडे बघत नव्हतं. बॅटरी घेऊन दारातली मुलगी आली, वाटेत असं बसता येत नाही म्हणाली. मी उठून उभा राहिलो, हातांनी आपोआप टाळी वाजवली आणि तळवे दाखवले. कसिनोतलीच माणसं आहेत, हे तिला कळलं. ती परत गेली.

म्हणजे आम्हा तिघांत ते गाणं बॉइडकडे बघत ऐकलं ते मी एकट्यानं. जो खेकड्यांसाठी उठून गेला होता, त्यानं.

कार्यक्रम सुटल्यावर आम्ही खालच्या कॉफीच्या दुकानात बसलो. वर्लीननं लिंबाचा केक मागवला आणि कोणी खाल्ला नाही. ती आईच्या समोर बसली, तोंड उजेडात धरून.

“कधीपासून, ममा?”

“आधी थोडंथोडं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात सगळंच गेलं. त्या करवतींनी नेलं ते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून? तू म्हणाली असतीस, ऐकू येत नाही तर जायचं कशाला.”

“नसते म्हणाले.”

“म्हणाली असतीस, पोरी. तुझ्या जागी मीही म्हणाले असते.” ती दुकानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होती. “मला त्याला बघायचं होतं. गाणं काय, पाठच आहे.”

मी टेबलाखाली बोटं मोजली. खरं तर मोजायची गरज नव्हती. तिकिटं मी घेतली ती त्याच्याही आधीच्या वर्षी, थंडीच्या तोंडावर. तेव्हा तिला ऐकू येत होतं. तिसऱ्या रांगेत बसली असती तर श्वाससुद्धा ऐकू आला असता.

वर्लीन रडायला लागली. “माझंच चुकलं, ममा. मी तुला पहिल्याच वर्षी आणायला हवं होतं. उद्या उद्या करत राहिले.”

“आधी ओकलीस, मग उद्या उद्या केलंस,” ऑलेटा म्हणाली आणि तिचे डोळे पुसले. “गप. आज म्हटलंस ना माझ्यासाठी? तुझे दात आईवर गेलेत, पण गायलीस छान.”

वर्लीननं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, साखरेच्या भांड्याचं झाकण उघडत-लावत राहिली. सगळं स्वतःवर घेऊन मोकळी झाली. बोलायची पाळी माझी होती, हे त्या टेबलावर तिला आणि मला दोघांनाच माहीत होतं.

मी बोललो. खोटं नाही सांगत, बोललो. “मिस ऑलेटा, तेव्हा तिकिटं मिळाली होती. मी घेतली. आणि अर्ध्यातून उठून गेलो.” पण हे सगळं केकच्या बशीला सांगितलं, मान खाली घालून.

“काय पुटपुटतोस?” म्हातारी म्हणाली. “मान वर कर, लांबड्या. तोंड दिसल्याशिवाय मला काही कळत नाही आता.”

मी मान वर केली. ती माझ्या ओठांकडे बघत होती, अगदी मन लावून, थोडी हसत, पुढचा शब्द सुटू नये म्हणून जराशी पुढे वाकून.

“केक चांगला आहे, म्हटलं.”

“कोरडा आहे जरा,” ती म्हणाली. “मंगळवारी ये. मी करून घालते.”

मी उठलो. हातांनी टाळी वाजवली, तळवे वर केले, उलटे केले. ऑलेटानं लगेच ते पकडले, स्वतःच्या दोन्ही हातांत, आणि उजेडाकडे धरून एकेक नीट बघितला.

“रिकामे आहेत,” ती हसून म्हणाली. “जा.”